मेलेल्या हातातली सुरी

मी सुरी बोलतेय. दचकलात ना? चमचा बोलू लागला असता तर कौतुकानं ऐकलं असतं तुम्ही. सुरीनं तोंड उघडलं की माणूस आधी दार कुठे आहे ते बघतो.

खरं तर मी साधी स्वयंपाकघरातली. एका कारखान्यात पोलादाच्या पत्र्यातून मला कापून काढलं, भट्टीत तापवून पाणी दिलं, दगडावर घासलं, काळी मूठ बसवली आणि माझ्या पाच बहिणींबरोबर एका लाकडी ठोकळ्यात उभं केलं. पुढे आमचा तो संच एका लग्नात भेट म्हणून गेला. "सुऱ्या कुणी लग्नात देतं का?" मुलीच्या आत्यानं नाक मुरडलं. मावशी म्हणाली, "असू दे गं. घड्याळं चार आलीत. काय करायचंय तिला एवढी वेळ बघून?"

ती मुलगी माझी मालकीण. बोलायची कमी, बघायची जास्त. सासरी माणसांच्या आधी ओट्याशी ओळख होते. कुठला बर्नर नखरे करतो, कुठला खण अडकतो, कुठल्या डब्यामागे काय लपलंय. तिला साखरेच्या डब्यामागे प्लॅस्टिकच्या चिमुकल्या पुड्या सापडल्या. आत निळ्या गोळ्या.

"अहो, हे काय?"

"औषध."

"कुणाचं?"

"ज्याला लागतं त्याचं."

तिनं पुढे विचारलं नाही. नव्या नवरीला प्रश्न पुरवून पुरवून वापरावे लागतात.

मला हात कळतात. तोंडाला सतरा सोंगं येतात, हाताला एकही येत नाही. मालकिणीचा हात कोरडा आणि सावकाश. नवऱ्याचा हात सदा ओला. तो मला उचलायचा ते फक्त पुड्यांची चिकटपट्टी कापायला, आणि त्याच्या तळव्याचा घाम कितीतरी वेळ माझ्या मुठीवर राहायचा. सासूबाई पलीकडच्या खोलीत असायच्या. त्यांना सगळं माहीत होतं आणि काहीच माहीत नव्हतं. "मला काही सांगू नका बाई, माझं बीपी वाढतं," एवढं म्हणून त्या टीव्हीचा आवाज मोठा करायच्या.

गिऱ्हाइकं दुपारी यायची. त्यातला एक रंगारी. शिडीवरून पडून पाठीत उसण भरली म्हणून पहिली गोळी घेतली होती. पाठ बरी झाली, गोळी काही पाठ सोडेना. नखांत कायम कुठला ना कुठला रंग. "वहिनी, तुमच्या भिंतीला पोपडे आलेत," तो दारातूनच म्हणायचा, "बघवत नाही हो मला. फुकटात एक हात मारून देऊ?" मालकीण हसायची. त्या घरात ती हसायची ती तेवढीच.

मग नवऱ्यानं पिस्तूल आणलं. "धंद्यात लागतं," म्हणाला. बुटांच्या खोक्यात ठेवायचा आणि उठता-बसता काढून बघायचा. नवी नवरीसुद्धा इतक्यांदा आरशात बघत नाही.

त्या दुपारी मालकीण मला धूत होती. रंगारी आला तो चिडूनच. खुर्चीत बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, रिकामे. हे मी नळाखालून बघितलं.

"मागच्या गोळ्या निव्वळ खडू होत्या रे. बदलून दे."

"माल बदलून मिळत नाही."

"मग मी चौकात उभा राहून सांगतो, हा खडू विकतो म्हणून. एखादी शाळा तरी येईल तुझ्याकडे."

नवऱ्यानं खोक्यातून पिस्तूल काढलं आणि त्याच्यावर रोखलं.

 रंगाऱ्याचं लक्ष त्या थरथरत्या ओल्या हाताकडे गेलं, आणि त्याला हसू फुटलं. "अरे, नीट धर. लागेल कुठेतरी. लग्न नुकतंच झालंय तुझं."

तो हसत असतानाच आवाज झाला.

खुर्ची कलंडली. हसू मात्र लगेच गेलं नाही. माणूस मेल्याचं त्याला कुणी कळवलंच नसावं, तसं ते थोडा वेळ चेहऱ्यावर बसून राहिलं. नळ वाहतच होता.

"सुरी दे," नवरा म्हणाला.

मालकिणीला तिच्या आईनं शिकवलं होतं: धारेची वस्तू हातातून हातात देऊ नये, भांडण होतं. खाली ठेवावी, दुसऱ्यानं उचलावी. समोर माणूस मरून पडला होता, आणि तिनं मला सवयीनं ओट्याच्या कडेवर ठेवलं. आता आणखी कसलं भांडण व्हायचं राहिलं होतं कोण जाणे.

नवऱ्यानं माझी मूठ फडक्यानं पुसली, तो खाली बसला आणि त्यानं मला रंगाऱ्याच्या पंजात ठेवलं. एकेक बोट माझ्यावर मिटवलं. बोटं मिटली. त्यानं हात सोडला, बोटं पुन्हा उघडली. पुन्हा मिटवली. पुन्हा उघडली, सावकाश, एखादी न आवडलेली भेट परत करावी तशी. त्या हाताला अजून ऊब होती. पण मेलेला हात काही धरत नाही हो. तो कुणाचीच बाजू धरत नाही. शेवटी नवऱ्यानं मला नुसतंच तळव्यावर टेकवून ठेवलं. त्या नखांत त्या दिवशी पिवळा रंग होता.

दारात सासूबाई उभ्या होत्या. "मेल्या, काय करून बसलास हे!" आणि त्याच श्वासात, "आधी दार लाव."

नवरा मालकिणीकडे वळला. "त्यानं ओट्यावरची सुरी उचलली. माझ्या अंगावर आला. मी जीव वाचवायला गोळी झाडली. तू काय बघितलंस?"

"झालं ते."

"नाही. मी सांगतोय ते."

यानंतर पोलिस आले. माझे फोटो निघाले, मला कागदात गुंडाळून वर लाखेचं सील लावलं, आणि मी बराच काळ एका कपाटात पडून राहिले. आतल्या अंधारात मला तो हात जाणवायचा. मिटायचा, उघडायचा.

खटला उभा राहिला. शिपाई आमचं, म्हणजे माझं आणि त्या पिस्तुलाचं, गाठोडं मांडीवर घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसला होता. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई सुनेकडून पाठ करून घेत होत्या.

"आधी सुरी, मग गोळी. म्हण."

"आधी सुरी, मग गोळी."

"अशी मेल्यासारखी नको म्हणूस. एवढं बोललीस की तो सुटतोय, वकील म्हणालेत. तो घरी आला की सगळं पहिल्यासारखं."

"पहिल्यासारखं," मालकीण म्हणाली.

"आणि नाही बोललीस, तर आमचं दार तुला बंद."

आत नवऱ्याचा वकील बोलायला उभा राहिला. "माझ्या अशिलाचा धंदा वाईट होता, मान्य. त्याची शिक्षा त्याला वेगळी द्या. पण वाईट माणसाला जीव नसतो का? समोरचा सुरी घेऊन धावून आला, तर त्यानं काय आरती... छे, काय स्वागत करायचं त्याचं?"

सरकारी वकील म्हणाले, "आधी घरात आग घेऊन बसायचं, आणि मग चटका बसला म्हणून ओरडायचं!"

न्यायाधीशबाईंनी दोघांना थांबवलं. "प्रश्न एवढाच आहे. मयतानं सुरी उचलली होती की नाही?"

मग नवऱ्याच्या वकिलानं मला उचललं. मऊ हात. या हातानं जन्मात कधी काही चिरलं नव्हतं. त्यानं मला डोक्यावर नेलं, दात-ओठ खाल्ले, आणि रंगारी कसा धावून आला ते करून दाखवलं. अख्खं कोर्ट मागे सरकलं. आणि काय सांगू, मलाही ते आठवू लागलं! रंगाऱ्याची घट्ट पकड, हवेतला तो झोका, ओरडणं. खोटं इतकं नेटकं होतं, की क्षणभर माझं मलाच वाटलं, आपण उगाच त्याला गरीब समजत होतो. खऱ्याला कुणी असं नाचवून दाखवत नाही. ते बिचारं कोपऱ्यात ओल्या फडक्यासारखं पडून असतं.

बचावाची साक्षीदार म्हणून मालकीण पिंजऱ्यात आली. अंगानं वाळली होती.

"ही तुमच्याच घरातली सुरी ना?" वकिलानं मला मुठीकडून तिच्यापुढे केलं. "घ्या, नीट बघा."

तिनं हात पुढे केला नाही. "खाली ठेवा."

"का? बघा ना हातात घेऊन."

"मी सुरी हातातून हातात घेत नाही. देतही नाही. तुम्ही खाली ठेवा, मी उचलते."

कुणीतरी हसलं. वकीलही हसला. "बरं बाई, ठेवली. आता सांगा..."

"यांनी मागितली, तेव्हाही मी अशीच ठेवली होती," मालकीण म्हणाली.

वकिलाचं हसू गळालं. "कुणी मागितली?"

"यांनी. माझ्या नवऱ्यानं. मी धूत होते. म्हणाले, सुरी दे. मी ओट्यावर ठेवली."

न्यायाधीशबाई पुढे झुकल्या. "तेव्हा तो रंगारी कुठे होता?"

"खाली पडला होता. मेला होता. त्याच्या हातात काही नव्हतं. तो हसत होता."

"तुम्ही घाबरला होता," वकील घाईघाईनं म्हणाला. "त्या भीतीत नीट आठवत नसेल."

"घाबरले होते म्हणून तर विसरता येत नाही."

एवढं बोलून तिनं मला उचललं. आपला तोच कोरडा, सावकाश हात.  "हो. माझीच आहे," ती म्हणाली, आणि मला परत खाली ठेवलं.

जीव वाचवायला गोळी झाडली, हे कोर्टानं मानलं नाही. निकालाच्या दिवशी नवऱ्याला घेऊन गेले, तेव्हा सासूबाई तिथेच सुनेसमोर उभ्या राहिल्या. "आता पाय ठेवू नकोस घरात."

"एकदा यावं लागेल," मालकीण म्हणाली. "माझ्या पाच सुऱ्या आहेत तिथे. त्या घेऊन जाईन."

सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. मालकिणीच्या ओठांवर बारीकसं काहीतरी हललं. पोपड्यांवरून हसायची, तसलं.

आता मी मुद्देमालाच्या खोलीत असते. शेजारी ते पिस्तूल. मी बोलायला बघते, ते गप्प. त्याचं एकदाच बोलून झालंय. कधी कधी माझ्या मुठीवर बोटं मिटतात, आणि मी वाट बघते. ती उघडतात. दर वेळी उघडतात. बिचारा रंगारी अजून मला परत करतोय.

ज्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीनं मला बांधलंय, तिच्यावर पहिल्या दिवशीच्या अक्षरात लिहिलंय: 'मयताच्या हातातील सुरी'. निकाल उलटा लागला, चिठ्ठी कुणी बदलली नाही. तुमच्यापैकी कुणी कधी इथे आलात, आणि खिशात पेन असेल, तर माझं एक काम करा. 'हातातील' एवढा शब्द खोडा आणि 'हातात ठेवलेली' असं लिहा. अक्षर कसंही आलं तरी चालेल.