पोस्टरवरचा किलकिला दरवाजा

मला ना कडी, ना बिजागरी, तरी मी दरवाजाच. भुताच्या एका सिनेमाच्या जाहिरातीसाठी कागदावर जन्मलो. मला काढणारी चित्रकार बाई महाहट्टी. तिने मला शेवाळी रंग दिला आणि जेमतेम करंगळी जाईल एवढाच उघडा ठेवला. फटीत नुसता काळोख.

"भूत कुठंय?" निर्माते शेठ म्हणाले.

"फटीत."

शेठनी वाकून पाहिलं आणि खुर्ची हळूच मागे सरकवली. मी पास झालो.

बाईची अट एकच. पोस्टर असो, होर्डिंग असो की पॉपकॉर्नचा डबा, दरवाजा हाच आणि फटही एवढीच.

पण छापून घ्यायचं काम शेठच्या मेहुण्याकडे. हा इतका टापटिपीचा, की परक्यांच्या घरातल्या तसबिरीही सरळ करायचा. अर्धवट उघडं काही दिसलं की याला राहवायचं नाही. "एक तर लावा, नाहीतर उघडा," तो म्हणाला. डब्यांवर त्याने माझी फट बुजवली. होर्डिंगवर मला सताड उघडून आत दात विचकणारं भूत बसवलं.

झालं. लोकांना वाटलं, तीन वेगळे सिनेमे येताहेत. पोरं भुताला वाकुल्या दाखवू लागली. एका गृहस्थांनी तिकीट खिडकीवर डबा दाखवून विचारलं, "हा दरवाजा सागवानात मिळेल का?"

शेठ भडकले. "बाई, दरवाजा काढा. किंचाळणारी नायिका टाका."

म्हणजे माझा कारभार आटोपला.

"दरवाजा नका बदलू, शेठ. मेहुणे बदला."

"ते माझ्या हातात असतं तर..."

"दाजी, मी इथेच उभा आहे," मेहुणा म्हणाला.

बाईने वाद घातला नाही. तिने मेहुण्याच्या खोलीत चारी भिंतींवर मला लावलं, टेबलावर डबा ठेवला, फोनच्या पडद्यावरही मीच. सगळीकडे तीच फट. मेहुण्याने आधी ती अंगठ्याने दाबून पाहिली. मग पाठ फिरवली, तर समोर मी. फोन उचलला, तर मी. दुपारपर्यंत तो घामाघूम होऊन शेठकडे आला.

"दाजी, ते माझ्या मागे मागे येतंय."

शेठनी बाईकडे बोट दाखवलं. "सगळं परत छापा," म्हणाले. "हिच्या मनासारखं."

मग मी गावभर पसरलो. माझ्यासमोर कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. खोटं वाटत असेल तर कुत्र्यांना विचारा.

आता सिनेमा उतरलाय. भिंतीवर माझा रंग विटलाय, कोपरे सुटलेत, अर्ध्या अंगावर शिकवणीची जाहिरात चढलीय. शेठ दुसऱ्या भागासाठी म्हणतात, "या वेळी जरासा जास्त उघडू." बाई नाही म्हणते. मीही नाहीच म्हणतो. मला फाडा, रंगवा, माझ्यावर काहीही चिकटवा. पण तुमच्या सोयीसाठी मी लागणार नाही, आणि तुमच्या हौसेखातर उघडणारही नाही. आत काय आहे ते माझं मला ठाऊक. तुम्ही आपली झोप सांभाळा.