बिनटप्प्याचा संघ

जिल्ह्याच्या स्मरणिकेत आमच्या संघावर अर्धं पान आलंय. 'ग्रामीण भगिनींनी निव्वळ खेळाच्या प्रेमापोटी उभारलेला बास्केटबॉल संघ' असं त्यात छापलंय. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. प्रेमापोटी! अहो, आम्ही पगारी खेळाडू होतो. फक्त आमचा पगार टँकरमधून यायचा.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. नव्या संसारात शेजारणीकडे असेल ते सगळं आपल्यालाही हवं असतं, तसं जिल्ह्याचं चाललं होतं. नांदेडला बायकांचा बास्केटबॉल संघ आहे, मग आपला का नाही? क्रीडा खात्याचे किशनराव जीप घेऊन गावोगाव फिरले. आमचं गाव जिल्ह्याच्या टोकाला, लोह्याच्या बाजूला. गावात मैदानाला कुणी जागा देईना, म्हणून ते आमच्या बौद्धवस्तीला लागून गायरानावर झालं.

पावसाने त्या वर्षीही पाठ फिरवली होती. गावाचा टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि तिथे आमच्या घागरींचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागायचा. तोवर पोहऱ्यात गाळ यायचा. मैदानाचा टँकर मात्र वेगळा होता. धूळ उडू नये, चेंडूचा टप्पा नीट पडावा, म्हणून मैदान रोज शिंपायचं असा हुकूम होता. माणसांचं काय करायचं, ते हुकमात नव्हतं.

"संघ हाय तवर टँकर हाय," पंचफुला म्हणाली. ती आमच्यात सगळ्यांत धाकटी, रोजगार हमीवर खडी फोडणारी, आणि डोक्याने सगळ्यांत पुढे. दुसऱ्या दिवशी संघ तयार झाला. ती कप्तान, तिच्यामागे सरजाबाई, मी आणि आणखी चौघीपाचजणी. टँकरवाला भुजंग आला तशी ती पुढे झाली.

"भुजंगदादा, पाणी हितं पिंपात सोडा."

"अन् मैदान गं?"

"मैदानाला तहान लागत न्हाई."

भुजंग भला माणूस. त्याने पाइप पिंपात सोडला आणि तोंड मिटलं. साहेब यायचे असले की आदल्या दिवशी सांगून जायचा. मग जीप थांबते तेवढ्याच कडेला आम्ही चार तांबे शिंपडायचो. ओल्या मातीचा वास घेऊन किशनराव खूश व्हायचे.

पण कोरड्या भुसभुशीत मातीत चेंडू उसळतच नाही. पडला की तिथेच बसतो. चेंडू हातात धरून पळायचं नसतं. टप्पे मारत न्यायचा, नाहीतर दुसरीकडे फेकायचा. टप्पा आमच्या नशिबात नव्हता, म्हणून आम्ही नुसता फेकायला शिकलो. हमीच्या कामावर घमेली हातोहात द्यायची सवय होतीच. एकटी पंचफुला संध्याकाळी विहाराच्या फरशीवर जाऊन धप्पधप्प टप्पे मारत बसायची. तेवढ्या वेळात मी तिला हसताना पाहिलंय, एरवी क्वचित.

नांदेडच्या सामन्याला आम्ही गेलो तेव्हा समोरच्या पोरी चेंडू शोधत राहिल्या आणि आम्ही जिंकलो. चांगल्या दणकून जिंकलो. राज्य संघाची निवड करणाऱ्या बाई पंचफुलाजवळ आल्या. "पुढच्या सामन्यात अशीच खेळ. राज्य संघात घेते. नोकरीचंही बघू." पंचफुला परतताना एसटीत चेंडू पोटाशी धरून बसली होती, लोह्याला कुणी चहा दिला तरी तिने चेंडू सोडला नाही.

सत्काराच्या सभेत किशनराव छाती फुगवून म्हणाले, "आमच्या मुलींचा चेंडू जमिनीला लागतच नाही!" टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडत असतानाच साहेबांना विचार सुचला. चेंडू जमिनीला लागत नाही, तर मैदान शिंपायचं कशाला? ऐन दुष्काळात ही उधळपट्टी! टँकर बंद झाला. वर पाणी वाचवल्याबद्दल आमचं जाहीर कौतुकही झालं. असा संताप आला होता मला, की सत्काराच्या हाराची फुलं मी तिथेच कुस्करली.

पिंपं कोरडी पडली. पंचफुलाची आई धुरपताबाई पुन्हा विहिरीवर गेली आणि दुपार कलल्यावर गाळाची घागर घेऊन आली. पंचफुलाने घागरीत वाकून पाहिलं. मग घरातल्या लेकरांसाठी ते पाणी फडक्यातून गाळत बसली.

पुढचा सामना पुन्हा नांदेडलाच होता. त्या बाई पहिल्या रांगेत होत्या. चेंडू पंचफुलाच्या हाती आला आणि ती टप्पा मारायला लागली. पहिलाच टप्पा पायावर आदळून चेंडू बाहेर गेला. दुसराही.

"पंचे, फेक की!" मी ओरडले.

"टप्पा मार," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मग आम्ही सगळ्यांनीच टप्पे मारले आणि बेदम हरलो. बाई अर्ध्यातच उठून गेल्या. किशनराव लालबुंद होऊन आले. "हे काय करून राहिल्या तुम्ही?"

पंचफुला म्हणाली, "साहेब, टप्प्याबिगर राज्यात कोन इचारतंय? शिकाया पायजे. पन कोरड्या मातीत टप्पा शिकावा कसा?"

साहेबांना पटलं. दोन दिवसांत भुजंगचा टँकर हजर.

त्यानंतर वस्तीत नळ येईपर्यंत आम्ही नेमाने खेळलो आणि नेमाने हरलो. स्मरणिकेत लिहिलंय, 'कठोर सराव करूनही यशाने हुलकावणी दिली.' नळ आला आणि संघ आपोआप मोडला.

काल ते पान पंचफुलाला वाचून दाखवलं. ती नळाखाली कळशी भरत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने तोटी बंद केली.

"त्या बाईचं नाव हाय का त्यात?"

"न्हाई गं. का?"

"काई न्हाई," ती म्हणाली. "मला टप्पा येत व्हता, एवढं तिला कुनीतरी सांगाया पायजे व्हतं."