चाळीस किलोमीटरांची लॉरी

मी एक जुनी लॉरी आहे. जुनी म्हटलं, भंगार नाही म्हटलं. मित्रांनो, नीट ऐका.

माझा लाकडी हौदा चेन्नईच्या सुतारांनी बांधला. मोटारींचे दिवे भरून मी श्रीपेरुंबुदूरहून पुण्याला जाई, कोलकात्यालाही. घाटात धापा टाकी, डिझेल ढोसी, काळा धूर सोडी. ड्रायव्हर रामस्वामी महिन्यातून चार दिवस घरी जेवे. माझी मालकीण सकवारबाई, मूळची तंजावरची. शाळा दुसरीपर्यंत, जीभ मात्र पदवीधर. चारचौघांत म्हणे, "माझी लॉरी आहे म्हणून देश चाललाय." मला ते खरं वाटे.

मग दिव्यांच्या कारखान्याने बेत बदलला. पुण्याचा माल मालगाडीने, कोलकात्याचा जहाजाने. माझ्याकडे उरले चाळीस किलोमीटर, कारखान्यापासून रेल्वेच्या यार्डापर्यंत. सकवारबाई नातीवर, हरिप्रियावर तडकली, कारण ती कारखान्याच्या माल पाठवणाऱ्या कचेरीतच होती.

"घोडीला घाण्याला जुंपलंत की गं!"

"आज्जी, एका मालगाडीत अशा कितीतरी लॉऱ्यांचा माल जातो. पण ती कारखान्याच्या दारात येते का?"

सकवारबाईने फणकाऱ्याने पंचांग उघडलं.

पहिल्याच सोमवारी घोटाळा झाला. साडेसातला माल भरला, तोच रामस्वामीला सकवारबाईचा फोन आला. "राहुकाळ लागला. नऊपर्यंत चाक हलवायचं नाही."

"अम्मा, यार्डाचं फाटक साडेनऊला बंद होतं."

"तुझं फाटक राहूपेक्षा मोठं का रे?"

आम्ही पोहोचलो तेव्हा फाटक बंद होतं आणि मालगाडी निघून गेली होती. कारखान्याने बजावलं, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी लॉरी लावू. दुसरं काम माझ्याकडे नव्हतं. मी भंगारात गेले असते आणि पंचावन्नाव्या वर्षी रामस्वामी घरी बसला असता. त्या दिवशी त्याने माझी काच दोनदा पुसली.

पुढचा सोमवार आला. आदल्या संध्याकाळी हरिप्रियाने विचारलं, "आज्जी, गावाला जायचा दिवस वाईट निघाला तर तू काय करायचीस?"

"प्रस्थान ठेवायची. चांगल्या वेळेला पिशवी शेजारणीकडे नेऊन ठेवली की प्रवास सुरू झाला. मग कधीही निघा."

"मग लॉरीचं ठेव ना."

सकवारबाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "इतके दिवस तोंडात काय गुळणी धरून बसली होतीस?"

सकाळी सहाला फडक्यात तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधून रामस्वामीने ते कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर ठेवलं. पावणेआठला आम्ही निघालो. फाटकातून आत गेलो तेव्हा नऊ वाजायचे होते. पेट्या मालगाडीत चढल्या आणि काम आमच्याकडेच राहिलं. सकवारबाई म्हणाली, "बुद्धी माझीच होती. पोरीने फक्त आठवण करून दिली."

आता रामस्वामी रोज घरी जेवतो. माझा धूर कमी झाला, गुडघेही कमी कुरकुरतात. देश माझ्यावाचूनही चालतो, हे कळायला मला वेळ लागला. मित्रांनो, लांबचं ओझं रुळांना द्या, किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारं पाण्याला द्या. पण रूळ प्रत्येक दारापर्यंत येत नाहीत, समुद्र तर नाहीच. तिथे मलाच यावं लागतं. तेवढं काम माझं मला ठेवा, आणि ग्रीस वेळेवर घाला. मागून घ्यायची मला सवय नाही.