मागचं डावं दार

"मागचं डावं दार आतून उघडत नाही, हे आताच सांगून ठेवतो," भैय्यालाल म्हणाला. "बाहेरून उघडते. मंग म्हनसान, भैय्यालालनं फसवलं."

शहापूरला हायवेलगत भैय्यालालचा जुन्या गाड्यांचा धंदा होता. पत्र्याच्या शेडखाली दहा-बारा गाड्या धुऊन-पुसून उभ्या केलेल्या, टायरला काळं पॉलिश फासलेलं. जुन्या गाडीला सजवायचं कसं, हे भैय्यालालला नवरीच्या आईपेक्षा जास्त कळत होतं. टिकारामने ते दार बाहेरून उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आतून खरंच उघडत नव्हतं, काचही खाली होत नव्हती आणि मागचं उजवं दार तर दोन्हीकडून जाम होतं. पण बाकी गाडी त्याच्या मनात भरली होती.

शेडच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याची बायको राधाबाई बसली होती. तिचे पाय सुजलेले होते, म्हणून चपला काढून बाजूला ठेवलेल्या. गाडी तिच्यासाठीच घ्यायची होती. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि करडीहून भंडाऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागत होतं. जाताना एसटी कशीबशी सोसायची, येताना मात्र तिच्यात जीव नसायचा. एकदा भर बसमध्ये तिला उलटी झाली, एक बाई तिच्या अंगावर खेकसली आणि राधाबाईने घरी आल्यावर सांगून टाकलं, "मी आता बसमंधी बसत नाही जी. मरू द्या मले घरीच." आणि पुढच्या खेपेला ती खरंच गेली नाही. अंगात पाणी भरलं, श्वास लागला. साकोलीला दिलेली लेक हर्षा धावत आली, रडली, पाया पडली, तेव्हा कुठे ती एकदा भाड्याच्या गाडीने गेली. डॉक्टरांनी टिकारामला बाजूला घेऊन सांगितलं की, पुन्हा खंड पडला तर बाई हाती लागणार नाही. दर खेपेला भाड्याची गाडी करायला टिकाराम काही जमीनदार नव्हता.

टिकाराम सारी उमर राईस मिलमध्ये राबलेला माणूस. धानाच्या गिरणीत पट्टा घसरतोय की बेअरिंग सुकलंय, हे तो डोळे मिटून सांगायचा. "टिकारामचा कान म्हणजे मिलचा डॉक्टर," असं मालक चारचौघांत म्हणायचे आणि टिकाराम त्या एका वाक्यावर वर्षभर पोट भरल्यासारखा वावरायचा. मिलचा ट्रॅक्टरही त्याने पुष्कळ चालवला होता. त्यामुळे गाडी आपण पारखणार आणि आपणच चालवणार, यात त्याला काडीची शंका नव्हती.

निवड तीनच गाड्यांत होती. एक मोठी डिझेलची, तिच्यात राधाबाईला आडवं होता आलं असतं. पण ती म्हणजे दारात हत्ती बांधणं. दुसरी हजार सीसीची, निळी; तिचं इंजिन टिकारामने कान लावून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. तिसरी ही पांढरी, आठशे सीसीची. पेट्रोल कमी पिणारी, सामान कुठेही मिळणारी. तिचं इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं.

सोबत आणलेला गावचा मिस्त्री कवडू गाडीखालून सरपटत बाहेर आला. त्याचा चेहरा काही खुललेला नव्हता.

"काकाजी, आवाज बराबर हाये. पन पोट लय खाली हाये हिचं. अन् सायलेन्सरवर पत्रा असते न, गरमी अडवाले? थो सडून गेला हाये."

"पत्र्यानं काय गाडी चालते का रे?"

"चालत नाही. पन खाली काई अडकलं तं पेटते."

"इंजिनाचं खरं-खोटं आवाजात असते, कवडू," टिकाराम म्हणाला. कवडूने खांदे उडवले आणि हात पुसले.

दाराचा प्रश्न राहिला होता. भैय्यालाल राधाबाईकडे वळून म्हणाला, "बाई, तुमी मागं बसा. काकाजी उतरून दार उघडून देतीन. रानीवानी उतरा!"

राधाबाई हसली. पदर तोंडाला लावून, पण खळखळून हसली. कित्येक महिन्यांत टिकारामने तिचं हसणं पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर कान, आवाज, पेट्रोल सगळं राहिलं बाजूला. गाडी त्या हसण्यावर ठरली.

घरी गाडीची पूजा झाली. शेजारणी जमल्या, नारळ फुटला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. टिकारामने गाडी पुढे घेतली. तीन लिंबं चिरडली. चौथं चाकाखालून निसटलं आणि गडगडत नालीत गेलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "हिरवं असंल," कुणीतरी म्हणालं. पण नालीतून ते लिंबू काढायला कुणी वाकलं नाही.

कवडूने जाताना पुन्हा आठवण केली, "काकाजी, थो पत्रा तेवढा लावून घ्या."

"लाखोळी निघू दे. ते विकली का पयले तुह्या पत्र्याचंच काम," टिकाराम म्हणाला. धान कापल्यावर त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उगवणारी लाखोळीची डाळ म्हणजे त्याच्या घरची वरकड कमाई.

गाडी आली आणि राधाबाई न कुरकुरता दवाखान्यात जायला लागली. टिकाराम गाडी थांबवायचा, उतरायचा, वळसा घालून मागचं डावं दार उघडायचा आणि ती उतरेपर्यंत धरून ठेवायचा. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली असतील, पण त्याने तिच्यासाठी कधी घरचं फाटकही उघडलं नव्हतं. तीच डोक्यावर भारा घेऊन पायाने फाटक ढकलायची. पानठेल्यावरची मंडळी म्हणायची, "टिकारामभाऊ रिटायर होऊन बायकोचे डायवर झाले." टिकाराम चिडायचा नाही. त्याला आतून बरं वाटायचं. राधाबाईही आता दवाखान्याच्या दिवशी चांगलं लुगडं नेसायची, कारण दार उघडलं की चार लोक बघतात.

एकदा मात्र भलतंच झालं. दवाखान्याच्या आवारात गाडी लावून टिकाराम औषधाच्या दुकानात गेला, तिथे गावचं कुणी भेटलं, गोष्टी लांबल्या. परतला तेव्हा राधाबाई घामाने भिजलेली, काचेवर तळहाताने थापटत होती. त्याने धावत दार उघडलं.

"आवाज देऊन देऊन गळा सुकला," ती म्हणाली. "एखाद्या दिशी इसरसान, तं मी आतच राहीन जी."

"तुले कसा इसरीन वो?" तो हसला. ती हसली नाही. त्या रात्री तोही नीट झोपला नाही, पण सकाळी त्याचं त्यालाच हसू आलं. आणि कवडूला दारासाठी बोलवायचं ठरवूनही राहून गेलं. दार दुरुस्त झालं असतं तर ते उघडून द्यायचं कामही गेलं असतं, हेही एक होतंच.

अधूनमधून गाडी थांबवली की जळक्या गवताचा वास यायचा. शेताच्या वाटेवरचं वाळलं तण पोटाला लागत असणार. टिकाराम वाकून चार काड्या ओढून काढायचा आणि मग बोनेटला कान लावायचा. इंजिन गातच असायचं, त्यामुळे त्याची खात्री पटायची.

होळीच्या आधी लाखोळी निघाली. आमच्याकडे लाखोळी, तूर असं काही निघालं की लोक ते डांबरी रस्त्यावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकच्या चाकांखाली शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात, बैल नको की मजूर नको. गाडीवाले शिव्या देतात, पण मळणी होते. टिकारामनेही आजवर दुसऱ्यांच्या चाकांची वाट पाहत रस्त्याकडेला दिवस काढले होते. यंदा घरचं चाक होतं. दवाखान्याच्या दिवशी पहाटेच त्याने आपल्या शेतासमोर रस्त्यावर लाखोळी अंथरली, चांगली गुडघाभर, आणि कडेला दगड मांडले.

"जाताना दोन फेऱ्या, येताना दोन. झालं काम," तो राधाबाईला म्हणाला.

"गाडी आपली दवाखान्याची हाये," ती म्हणाली. "खेती कायले करता तिच्यानं?"

"तिच्याच पत्र्यासाठी करून राह्यलो न," तो म्हणाला.

दुपारी ते परतले तेव्हा राधाबाई मागच्या सीटवर मुटकुळं करून पडली होती. डायलिसिस झालं की ती पिळून टाकलेल्या धडप्यासारखी व्हायची. ऊन कडक होतं. लाखोळी वाळून कडकडीत झालेली. टिकारामने गाडी तिच्यावर घातली. शेंगा पटापट फुटायला लागल्या. तो आवाज त्याला इतका आवडला की टोकाला जाऊन त्याने गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे घातली.

"झालं का जी?" मागून राधाबाईने विचारलं. "घरी चाला न. जीव कसातरी होऊन राह्यला."

"बस, आखरी चक्कर."

शेजारच्या बांधीत त्याचा शेतशेजारी इश्वर उभा होता. तो दोन्ही हात वर करून हलवत होता. गाडी आल्यापासून गावातले सगळेच हात करायचे. टिकारामनेही खिडकीतून हात बाहेर काढून त्याला उत्तर दिलं आणि तसाच पुढे गेला. इश्वर आता धावायला लागला होता.

मग इंजिनाचा आवाज बदलला. शेंगांच्या पटपटीत तो टिकारामला उशिरा ऐकू आला, पण आला. जळका वास आला, पायाखाली गरम लागलं. त्याने ब्रेक मारला, तो नेमका लाखोळीच्या मधोमध. उडी मारून तो बाहेर पडला आणि पुढे धावला. बोनेट उघडलं. जन्माची सवय, यंत्र बिघडलं की आधी इंजिन बघायचं. इंजिन बिचारं ठीकच होतं. जाळ खाली होता. लाखोळीचे वेल दोरखंडासारखे सायलेन्सरला गुंडाळले गेले होते आणि ते पेटले होते, आणि आता रस्त्यावरची लाखोळीही पेटत होती.

टिकाराम त्या जाळाकडे बघत उभा राहिला. किती वेळ, त्याला नंतरही सांगता आलं नाही. मग त्याची नजर मागच्या काचेवर गेली. काचेला राधाबाईचा तळहात लागलेला होता. ती थापटत होती. कानावर जगलेल्या माणसाला ते थापटणं ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं.

तो पळाला. दाराचं हँडल चुलीवरच्या तव्यासारखं तापलं होतं. त्याने ते धरलं, ओढलं, दार उघडलं. तोवर इश्वर पोचला होता. दोघांनी तिला बखोटीला धरून बांधीत ओढून नेलं. तिच्या लुगड्याचा काठ जळला होता, बाकी ती धड होती. टिकारामच्या उजव्या तळहाताची साल मात्र दारालाच राहिली.

गाडी जळली. तिच्यासोबत रस्त्यावर पसरलेली सगळी लाखोळी टोकापर्यंत जळत गेली.

"हात करून राह्यलो होतो न भाऊ मी," इश्वर धापा टाकत म्हणत होता. "किती हात केला. तुमी बी हात केला."

राधाबाई शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून जाळाकडे बघत होती. तिने शिवी दिली असती, छाती पिटली असती, तर त्याला सोसलं असतं. ती एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर तिने त्याच्या हाताला दवाखान्याचं मलम लावलं आणि फडकं बांधलं. त्या गप्प राहण्याची टिकारामला जाळापेक्षा जास्त भीती वाटली.

दवाखान्याचा दिवस आला. भाड्याच्या गाडीसाठी टिकाराम दोन ठिकाणी जाऊन आला होता. लग्नसराईत एकही गाडी मोकळी नव्हती. सकाळी राधाबाई उठली, तिने अंघोळ केली, साधं लुगडं नेसली. ती फाट्यापर्यंत आली, तेव्हा टिकारामच्या जिवात जीव आला. थांब्याच्या ओट्यावर ती टेकली. तिथून रस्त्यावरचा लांबच लांब काळा डाग दिसत होता. तिचा चेहरा सुजला होता आणि श्वासाला घरघर लागली होती.

एसटी आली. भरलेली होती, दारापर्यंत माणसं. टिकारामने पुढे होऊन दार उघडलं आणि फडकं बांधलेल्या हाताने ते धरून उभा राहिला.

"चाल, राधे."

राधाबाईने दाराकडे पाहिलं, आतल्या गर्दीकडे पाहिलं.

"मी नाही येत जी," ती म्हणाली. "तुमी दार सोडा."

"माह्यासाठी चाल. आजच्या दिवस. उद्या हर्षाले बोलावतो, काई करतो."

"सोडा म्हनते न."

"काका, चढता का?" कंडक्टरने आतून विचारलं. टिकाराम दार सोडेना. कंडक्टर थोडा वेळ थांबला, मग खाली उतरला आणि त्याने टिकारामचा हात हळूच, फडक्याला धक्का न लावता, दारावरून काढला. बस निघून गेली.

दोघं घराकडे चालायला लागली. ती चार पावलं टाकायची, थांबायची, पुन्हा चालायची. तो तिच्या मागे राहिला. अंगणापाशी आल्यावर मात्र तो घाईने पुढे गेला, त्याने घराचं फाटक उघडलं आणि ती आत जाईपर्यंत धरून उभा राहिला.