यादीत नसलेली बाग

वाळवंटाकाठच्या नेफ्ता गावच्या पाणीसंघातला जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, तेव्हा सगळ्यांना माझी, संघाच्या प्रोग्रामरची, आठवण झाली. चौसष्ट खजूरबागांना आठवड्याला किती वेळ पाणी सोडायचं, ते त्या कपाटाएवढ्या धुडावरचा प्रोग्राम ठरवायचा. राजधानीहून टेबलावर मावणारं नवं यंत्र आलं. मी फुशारकी मारली, "एक ओळही न बदलता चालवून दाखवतो."

दाखवलंही. तीच भाषा, तोच प्रोग्राम. जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून चौसष्टही आकडे ताडून पाहिले. फरक निघाला तो काही सेकंदांचा. भागाकारात मिनिटाखालचं जे उरेल ते जुनं यंत्र सोडून द्यायचं, नवं धरून ठेवायचं. म्हणजे हिशेब आणखी चोख! मी खूश.

मनूबिया मावशीची बाग कालव्याच्या अगदी शेवटाला. तिला हक्काचं पाणी नव्हतं, त्यामुळे ती कुठल्याच यादीत नव्हती. वीस वर्षं तिची अकरा झाडं त्या सोडून दिलेल्या सेकंदांवर जगत होती. चौसष्ट बागांचे सेकंद मिळून आठवड्याला अर्धा तास कुणाच्याच वाट्याला न गेलेलं पाणी तिच्याकडे वाहत जायचं. हे माझ्या डोक्यात शिरलं ते तिच्या झावळ्या वाळल्यावर.

एका ओळीची दुरुस्ती होती, पण संघाची परवानगी हवी. बैठकीत मी म्हणालो, "सेकंद पूर्वीसारखे सोडून देऊ या. शेवटच्या बागेला लागतात."

"माझे चाळीस सेकंद काय तुझ्या बापाचे?" सगळ्यात मोठ्या बागेचे मालक लामीन हाजी उसळले.

"हाजी, इतकी वर्षं ते तुम्हाला मिळतच नव्हते."

"म्हणजे इतकी वर्षं चोरी चालली होती! बरं झालं बाबा, तुझ्या यंत्रानं चोर पकडला."

सगळे हसले. माझ्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. मग मीही गप्प बसलो, नोकरी होती. त्याची लाज मला अजून वाटते.

दर वर्षी तोडणीनंतर मावशी माझ्या टेबलावर खजुराची परडी आणून ठेवायची. त्या वर्षीही आली. परडीच्या तळाशी मूठभर खजूर, सुरकुतलेले, बियांना चिकटलेले.

"एवढेच झाले बघ, बाळा," ती म्हणाली. मग यंत्रावरची धूळ पदरानं पुसत तिनं विचारलं, "फार कष्टानं बसवलंस म्हणे हे. नीट चालतंय ना?"

"चालतंय, मावशी," मी म्हणालो.