हिरवट भुसा

"बाबा, हात लावू नका आता त्याला," म्हणत ऐश्वर्याने सासऱ्याच्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला.

सहदेव सुतार डोंबिवलीच्या गावठाणात राहायचा. नौपाड्याच्या सुहासिनीबाईंना नात झाली होती. त्यांच्या मुलासाठी बत्तीस वर्षांपूर्वी सहदेवनेच बनवलेला पाळणा बारशासाठी घासायला आला होता. भुसा हिरवट पडत होता.

ऐश्वर्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने चिमूटभर भुसा आम्लात भिजवला, बाटलीत आर्सेनिक तपासायच्या किटमधली पूड टाकली, टोपणात पांढरी पट्टी अडकवली आणि बाटली गॅलरीत ठेवली. दहा मिनिटांत पट्टी पिवळी झाली, मग तपकिरी.

"आर्सेनिक आहे, बाबा. वाळवी लागू नये म्हणून लाकडात मुरवतात. कुठून आणलेलं?"

"भंगारवाल्याकडशी. कंपनीचा लाकडी कुलिंग टॉवर तोडलेला तवा."

सहदेवच्या कामाला वाळवी लागत नाही, असं लोक म्हणायचे. तो ते ऐकून मिशीत हसायचा.

"आणि उरलेले तुकडे?"

तुकडे सहदेवची बायको सगुणा चुलीत घालायची, अंघोळीच्या पाण्याला. धुराने घसा धरतो, अशी तिची तक्रार असायची. "फुकटचं सरपन हाय, ते पन नको तुला?" असं तो तिलाच बोलायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी ती फुप्फुसाच्या आजाराने गेली. तंबाखूची सवय होती का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तो त्यांच्यावरच चिडला होता.

"त्यानंच गेली का गो ती?"

"ते आता कोणीच नाही सांगू शकत, बाबा."

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हाताने नौपाड्याला गेला. सुहासिनीबाईंनी दार उघडलं. "अहो, पाळणा कुठाय? उद्या बारसं आहे."

"नाय आनला, वैनी. पोरीला त्यात घालू नका." दारातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं.

सुहासिनीबाई खुर्चीत बसल्या. "आमचा स्वानंद दात येताना त्याच्या कडा चावायचा हो."

"मना ठावं नव्हतं, वैनी. पन बनवला मीच."

मग त्यांनी विचारलं, "आणखी कोणाकडे आहे हे लाकूड?"

"आठ घरं आठवतात."

"मग इथे थांबू नका, सहदेव. जा, सांगा त्यांना."

संध्याकाळपर्यंत पाच घरं झाली. एका घरात त्याला हसले, एका घरात शिव्या घातल्या. घरी येऊन त्याने पाळण्याच्या फळ्या सुट्या केल्या. महापालिकेचा विषारी कचरा नेणारा माणूस येईपर्यंत त्या ठेवायच्या होत्या. प्रत्येक फळीवर त्याने पेन्सिलीने 'जाळू नये' असं लिहिलं.

मग त्याच्या मनात आलं, सगुणाला कुठे वाचता येत होतं. त्याने पुन्हा पहिली फळी ओढली, शब्दांखाली चूल काढली आणि तिच्यावर मोठी फुली मारली.