ग्लॅडिसचा जर्मन आवाज

मी मायक्रोफोन बोलतोय. हसू नका. भिंतीला कान असतात म्हणतात, मी तर नुसता कानच. अठ्ठेचाळीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. आता थोडं माझं ऐका.

माझा जन्म बर्लिनचा, १९५६ सालचा. पोटात एक पातळसा पडदा आहे. कुणी बोललं की तो थरथरतो, एवढीच माझी हुशारी. वर्षभरात मी एका डबिंग स्टुडिओत आलो. जर्मनीत परदेशी सिनेमा जर्मन बोलूनच थिएटरात येतो आणि इथली रीत अशी, की अमेरिकन नटीशी एकदा एका जर्मन बाईच्या आवाजाची गाठ मारली की ती सहसा सुटत नाही. पुढे जन्मभर तोच आवाज.

ग्लॅडिस मेरोची गाठ पडली केटे लिंडोशी. केटे तेव्हा सत्तावीस वर्षांची, ऊ-बानने, म्हणजे भुयारी रेल्वेने, यायची आणि आल्यावर आधी गरम पाणी मागायची. ग्लॅडिस म्हणजे सिनेमात कायम नायिकेची फटकळ मैत्रीण. नायिका उशीत तोंड खुपसून रडायची आणि ग्लॅडिस दारातून डोकावून एखादंच वाक्य टाकायची. "माझा लग्नाला विरोध नाही गं, नवऱ्याला आहे." बस्स, लोक हसून हसून बेजार. तिला स्वतःला पडद्यावर नवरा कधी मिळाला नाही. सिनेमाच्या शेवटी सगळे नायक-नायिकेकडे बघत असायचे, ही कुठे गेली ते कुणी विचारायचं नाही. मला मात्र फार वाटायचं, कुणीतरी विचारावं.

मी ग्लॅडिसला कधी पाहिलं नाही. माझी पाठ कायम पडद्याकडे. दिवे मालवले की पाच-सात सेकंदांचा तुकडा लागायचा, संपायचा, पुन्हा लागायचा, स्वप्नात एकच जिना पुन्हा पुन्हा चढावा तसा. केटेच्या कानावरच्या हेडफोनमधून अमेरिकेतला आवाज पुसट झिरपायचा आणि त्यावर केटेचा आवाज येऊन बसायचा. त्या काळोखात दोन बायका आहेत की एक, ते मला उमगेनासं व्हायचं. त्यांची भेट कधीच झाली नाही. पण ग्लॅडिसच्या भूमिका बदलत गेल्या, मैत्रिणीची सेक्रेटरी झाली, सेक्रेटरीची घरमालकीण, मग मावशी, मग टीव्हीवरची खाष्ट आजी, आणि दर खेपेला दोघींचे आवाज बरोबरीनेच पिकले.

२००४च्या जानेवारीत ग्लॅडिस गेली, पंच्याऐंशीव्या वर्षी. मार्चमध्ये तिचा शेवटचा सिनेमा आमच्याकडे आला. दिग्दर्शक हेर कोलर म्हणाले, फ्राऊ लिंडोंना आता दोन वाक्यांत धाप लागते, तरुण नटी घ्या. केटेला कळवलं तेव्हा ती कपाटातल्या आपल्या मऊ सपाता न्यायला आली. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "सत्तेचाळीस वर्षं मी ग्लॅडिस होते. आता नुसती केटे होऊन घरी काय करू?" मला रडता येत नाही, नाहीतर त्या दिवशी रडलो असतो.

तेव्हा पुण्याची शिवांगी आमच्याकडे प्राक्टिकुम, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, करत होती. वेदांग तिच्या युनिव्हर्सिटीतला, तिला घ्यायला आला होता.

"अरे, त्या नव्या नटीचा आवाज छान आहे," शिवांगी म्हणाली, "पण श्वास कुठून आणणार? मूळ ट्रॅक ऐक. ग्लॅडिस तीन शब्दांनंतर थांबते. आपल्याला वाटतं जोक मारायला थांबली. ती दम घ्यायला थांबलीय रे!"

"गेनाऊ, अगदी बरोबर! मग सांग ना कोलरला."

"मी? माझं सर्टिफिकेट त्याच्या सहीचं आहे, वेदांग. वर म्हणेल, प्राक्टिकुमवाली मला शिकवते."

"मग सांगू नकोस. नुसतं ऐकव."

दुसऱ्या दिवशी तिने कोलरना ऐकवलं. आधी ग्लॅडिस, मग तरुण नटी, मग पुन्हा ग्लॅडिस.

"आल्झो, ठीक आहे," कोलर म्हणाले, "फ्राऊ लिंडोंना फोन कर."

केटे आली. चार दिवस बोलली. जिथे ग्लॅडिसला धाप लागली तिथे तिलाही लागली. तो सिनेमा झाला आणि स्टुडिओने नवे मायक्रोफोन आणले. आज मी शिवांगीच्या बर्लिनमधल्या खोलीत, कपाटावर, कुंडीशेजारी असतो. वायर नाही, काम नाही. रविवारी ती माझ्यावरची धूळ पुसते. केटेही आता नाही. म्हणून त्या चौथ्या दिवसाचं तेवढं सांगतो आणि तुमचा निरोप घेतो.

शेवटच्या दृश्यात आजी झालेली ग्लॅडिस उघड्या दारातून अंगणात निघून जाते. कोलर म्हणाले, "इथे संवाद नाही. झालं आपलं काम. आभार, फ्राऊ लिंडो."

केटे हलली नाही. "ती पाठमोरी आहे ना? म्हणजे ओठ दिसत नाहीत."

आमच्या धंद्यातली ही जुनी सवलत. ओठ दिसत नसले की पदरचं एखादं वाक्य घुसवता येतं. सगळेच घुसवत. केटेने कधी घुसवलं नव्हतं. ग्लॅडिसच्या तोंडी माझे शब्द कशाला, म्हणायची. कोलरनी शिवांगीला मानेनेच खूण केली. शिवांगीने पुन्हा तुकडा लावला. केटे माझ्या अगदी जवळ आली, दम घेतला आणि म्हणाली,

"दार लावू नका हो. माझी एक मैत्रीण मागून येतेय."

कोलर आधी खो खो हसले, मग रुमाल शोधू लागले. वाक्य तसंच ठेवलं.

अमेरिकेत कुणी ते ऐकलेलं नाही. तुम्ही इथे तो सिनेमा पाहिलात तर नावांच्या यादीत केटे लिंडो शोधू नका, सापडणार नाही. फक्त शेवटी ती बाई दाराबाहेर पडली की मोठ्याने हसा. तेवढं एकच वाक्य आमच्या केटेचं स्वतःचं आहे.